वांद्र्याचा किल्ला, तिथली बाग आणि आपला काठ



मागच्या महिन्यात आम्ही सतरा जण मुंबईला जाऊन आलो, हे बहुतेकांना फोटोंवरून कळलंच आहे. अकरा पुरुष, चार बायका आणि दोन पोरं. फोटो बघून फोनही बरेच आले. भालकीकडच्या एका तात्यांनी तर सरळच विचारलं, "किल्ला बघायला मुंबईला कशाला जायचं की? बीदरचा किल्ला काय वाईट आहे?" प्रश्न बरोबर आहे. संस्थेच्या फंडातला एक रुपयाही या प्रवासाला लागलेला नाही, ज्यानं त्यानं आपला खर्च केला, हे आधी सांगून टाकतो. आता कशाला गेलो होतो ते सांगतो.

दिवाळीच्या आधी आपल्या तलावावर मोजमाप करणारी माणसं आली होती, ते काही जणांनी पाहिलंय. त्यांच्या हातात नकाशा होता. काठानं फिरायचा रस्ता, लोखंडी कठडा, बाकडी, पोरांना झोके, पायडल मारायच्या बोटी, असं सगळं त्यात काढलेलं. वाईट काही नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना संध्याकाळी बसायला जागा नाही, ती होईल. पण नकाशावर आपली उतरणीची जागा कुठं आहे म्हणून बोट ठेवून विचारलं, तर तिथं हिरवा रंग होता. "तिथं लॉन आहे," म्हणाले. पहाटे चारला जिथनं आपण नावा आणि थर्माकोलचे तराफे पाण्यात लोटतो, जिथं जाळी वाळत पडतात, जिथं वजनकाटा टांगतो, तिथं लॉन!

त्यावरून संस्थेच्या बैठकीत केवढा गोंधळ झाला, ते हजर असणाऱ्यांना आठवत असेल. निम्मे म्हणाले, एक खांबही रोवू द्यायचा नाही. निम्मे म्हणाले, होऊ द्या, आपल्याच पोरांना कामं मिळतील. शेवटी सचिव म्हणाले, भांडण आपण नंतर करू, आधी जिथं असं झालंय तिथं बघून तर येऊ. मुंबईत वांद्र्याला समुद्राच्या टोकावरच्या जुन्या किल्ल्याची बाग केलेली आहे आणि जवळच कोळीवाडा आहे, हे आपल्यातल्या एका नाववाल्याला माहीत होतं. त्याचा मेहुणा तिकडं रिक्षा चालवतो. ठरलं.

बीदरहून मुंबईला जाणारी गाडी आपल्याला माहितीच आहे. भालकी, कमालनगर, उदगीर, लातूर असं करत रात्रभर जाते. आळंदकडचे दोघं जण कलबुर्गीहून वेगळे आले आणि दादरला भेटले. जनरलच्या डब्यात बसायला जागा मिळाली नाही, एवढं सांगून प्रवासाचं पुरे करतो.

वांद्रा स्टेशनवरून रिक्षानं बँडस्टँडला गेलो. पोरांनी आधी शाहरुख खानच्या मन्नतच्या दारात फोटो काढून घेतले, त्याशिवाय ती पुढं येईनात. मग रस्ता संपतो तिथं ताज लँड्स एंड नावाचं मोठं हॉटेल आहे, त्याच्या पलीकडं जमिनीचं टोक समुद्रात घुसलंय. त्या टोकावर किल्ला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं बीदर येतं. खडक कापून केलेला तिहेरी खंदक, एकामागं एक दरवाजे, आत महाल. इथं तसलं काही नाही. थोडा तट, एक-दोन कमानी, पडक्या भिंती. आमच्यातल्या एका अण्णांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "एवढाच?" आपल्या किल्ल्याच्या एका बुरुजाएवढाही नाही म्हणाले.

एवढाच आहे, कारण ही राहायची जागा नव्हतीच. ही राखणीची चौकी होती. पोर्तुगीजांनी १६४० साली ती बांधली. समोर माहीमची खाडी, डाव्या हाताला मुंबईची बेटं, उजवीकडं खुला समुद्र. कुठलं गलबत आत शिरतंय, कुठलं बाहेर पडतंय, ते इथनं दिसायचं. नाव दिलं कास्तेला दे अग्वाद. अग्वाद म्हणजे पाणी भरायची जागा. इथं गोड्या पाण्याचा झरा होता आणि येणारी-जाणारी जहाजं पाणी भरून घ्यायची. गोव्यात १६१२ सालचा आग्वादचा किल्ला आहे, त्याचंही नाव त्यावरूनच. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला एक घोट नाही, ही समुद्रावरच्या माणसाची अडचण. आपल्याला तिचा अंदाज येत नाही, कारण आपण नावेतूनच ओंजळ भरतो. पण किल्ला गोड्या पाण्यापाशी बांधायचा, हे आपल्याकडच्या राजांनाही कळत होतं. नौबादजवळचं जमिनीखालचं कारेज बघितलंय ना? बहमनी काळात इराणी पद्धतीनं खणलेला पाण्याचा बोगदा आहे तो. मधेमधे वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या मोऱ्या आहेत. मधली किती वर्षं तो गाळात बुजून होता आणि आपण त्यावरनं चालत होतो.

बहमनींचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सचिवांनी ती आम्हाला त्याच तटावर उभं राहून सांगितली आणि अण्णांचा "एवढाच?" तिथंच बंद झाला. समोर खाडीपलीकडं जे माहीम दिसतं, तिथं आपल्या बीदरची फौज येऊन गेलेली आहे. अहमदशाह वलीनं राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. हाच तो अष्टूरला निजलेला, ज्याच्या जत्रेला आपल्याकडचे लिंगायतही जातात आणि मुसलमानही जातात. त्याच्या काळात, १४३० च्या सुमाराला, त्याचा सरदार मलिक-उत-तुज्जार कोकणात उतरला आणि त्यानं माहीम ताब्यात घेतलं. गुजरातच्या सुलतानानं जमिनीवरनं फौज आणि समुद्रातनं गलबतं पाठवली आणि माहीम परत घेतलं. आपल्याकडं घोडा होता, हत्ती होता. पण समुद्रात गलबतं होती त्यांची.

बीदरला समुद्र नाही म्हणतो आपण, पण बीदरचं पोट समुद्रावर होतं. अरबी घोडे दाभोळ, चौल या बंदरांत उतरायचे आणि घाट चढून आपल्याकडं यायचे. ज्याच्या मदरशाची निळी फरशी बघायला आज लोक बीदरला येतात, तो महमूद गवान इराणहून व्यापारी म्हणून आला, तोही आधी दाभोळलाच उतरला. मदरसा १४७२ चा. त्याच वर्षी त्यानं गोवा बहमनींच्या ताब्यात आणला. नंतर १४८१ साली त्याच्याच सुलतानानं त्याला मारलं, ती वेगळी कथा.

वांद्र्याकडं परत येऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ साली लग्नाच्या करारात मुंबईची बेटं इंग्रजांच्या वाट्याला गेली, पण साष्टी आणि वांद्रा पोर्तुगीजांकडंच राहिला. म्हणजे खाडीच्या ह्या बाजूला पोर्तुगीज, त्या बाजूला माहीमच्या किल्ल्यात इंग्रज. मग मराठे आले. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ते सगळ्यांना शाळेतून माहीत आहे. त्या वेळी इंग्रजांना भीती वाटली, हा किल्ला मराठ्यांच्या हातात गेला तर तोफा आपल्यावर येतील. त्यांनी सांगितलं आणि किल्ला पाडला गेला. पडका दिसतो तो काही पावसानं पडलेला नाही. १७७४ ला साष्टी इंग्रजांनी घेतली आणि राखणीचं कामच संपलं. १८४५ ला माहीमचा रस्ता बांधून झाला. त्याआधी माणसं खाडी होडीनं ओलांडायची.

काम संपलेल्या किल्ल्याचं काय होतं, ते आपण सगळीकडं पाहतो. झाडं मुळं घालतात, दगड लोक घराला नेतात, दारूच्या बाटल्या पडतात. इथं तर खालून समुद्रही लागलेला. भरतीच्या पाण्यानं पाया पोखरला जात होता, एक कमान पडायला आली होती, एका भिंतीत झाडाची मुळं शिरली होती. तेव्हा २००३ साली तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टनं काम हातात घेतलं. पैसे त्या वेळच्या खासदार शबाना आझमी यांच्या खासदार निधीतून आले. कमान सावरली, भिंत सावरली, आधीच्याच पायवाटांवर फरशी बसवली आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांचा उघडा रंगमंच केला. तिथं गाण्याबजावण्याचे कार्यक्रम होतात.

आम्ही गेलो तेव्हा कार्यक्रम काही नव्हता. सकाळचे दहा वाजलेले. तिकीट नाही. कॉलेजची पोरं-पोरी भिंतीला टेकून बसलेली, एक म्हातारा माणूस पेपर वाचत होता, दोन बायका चालून चालून घामाघूम. मोठमोठी झाडं आहेत. वारा असा की वहिनींच्या डोक्यावर पदर राहीना. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, पाच किलोमीटरच्या वर लांब, तारांवर टांगलेला. ३० जून २००९ ला तो सुरू झाला. आमची पोरं तटावरून तो पूल बघून खुळावली. खरं सांगतो, आम्हालाही बाग आवडली. बाग झाली नसती तर तो किल्ला आज अर्धा समुद्रात गेला असता, हे मान्य केलं पाहिजे. बैठकीत जे "एक खांब रोवू द्यायचा नाही" म्हणत होते, त्यातले तिघं आमच्याबरोबर होते आणि तेच सगळ्यात जास्त वेळ बाकड्यावर बसून होते. नावं सांगत नाही.

पण आम्ही बाग बघायला गेलो नव्हतो, बागेच्या कडेला काय होतं ते बघायला गेलो होतो.

ओहोटी लागली तसा बँडस्टँडच्या बाजूचा काळा खडक उघडा पडला आणि दोन बायका हातात लहानसं हत्यार घेऊन खडकावर बसलेल्या दिसल्या. कालवं फोडत होत्या. त्यांच्या मागं लोक सेल्फी काढत होते. आमच्या वहिनी, ज्या बाजाराला मासळी घेऊन बसतात, त्या सरळ चपला हातात घेऊन खडकावर उतरल्या. आम्ही वरून "पडाल, पडाल" म्हणत होतो. अर्ध्या तासानं परत आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "यांना इथं कुणी हटकत नाही. पण पाणी उतरल्यावर दोन-तीन तासच मिळतात." मग म्हणाल्या, "वाट बंद केली असती तर मात्र ह्या उतरल्या कुठनं असत्या?" आम्ही सगळे तट, कमानी, पूल बघत होतो. वाट कुठनं आहे ते वहिनींनीच बघितलं.

तिथनं आम्ही चिंबईला गेलो. वांद्र्यातलाच कोळीवाडा, चालत जाण्यासारखा. गल्ल्या अरुंद, घराच्या पायरीवर जाळी, आणि गल्ली संपली की एकदम समुद्र आणि ओढून ठेवलेल्या होड्या. एक वयस्कर नाखवा जाळं सांधत बसले होते. आम्ही कुठनं आलो, काय करतो सांगितल्यावर त्यांना विश्वासच बसेना, की तळ्यात मासे धरणाऱ्यांचीही संस्था असते आणि तिचीही भांडणं असतात. आम्ही रोहू, कटला, मरळ म्हणालो, ते बोंबील, मांदेली म्हणाले. दोघांनीही एकमेकांच्या मासळीला नाकं मुरडली. मग चहा आला.

किल्ल्याबद्दल विचारलं, तर ते बागेबद्दल काहीच बोलले नाहीत. म्हणाले, आमच्या वडिलांच्या वेळेला किल्ल्याचा कोपरा आणि मोत माऊलीचं देऊळ ही आमची खूण. समुद्रातनं ही दोन ठिकाणं कशी एकमेकांसमोर येतात त्यावरून कळायचं, खडक कुठं आहे आणि जाळं कुठं लावलंय. मोत माऊली म्हणजे टेकडीवरचं माउंट मेरी. तिथली मूर्ती एका कोळ्याला समुद्रात सापडली, अशी जुनी कथा सांगतात. सप्टेंबरात मोठी जत्रा भरते.

हे ऐकून आमच्या नाववाल्यांच्या माना हलल्या. आपणही तेच करतो की. पाण्यात रात्री लावलेलं जाळं पहाटे सापडतं कशावरून? देवळाचा कळस आणि धरणाच्या भिंतीवरचा दिव्याचा खांब एका रेषेत आला, की डाव्या हाताला वीस वल्ही मारायची. उद्या काठावर रंगीत दिव्यांची माळ लागली, तर अंधारात त्यातला आपला दिवा कुठला, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. नकाशावाल्यांना विचारायच्या गोष्टींत ही एक भर पडली. दिवे नकोत असं नाही म्हणत. उतरणीच्या जागेवर एक दिवा वेगळ्या रंगाचा ठेवा, एवढंच मागायचं आहे.

नाखवांनीच आम्हाला वरळीला जायला सांगितलं. "बाग बघून काय कळणार? वरळीचा खांब बघा."

वरळीलाही किल्ला आहे, इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला. पण तिथं जायला कोळीवाड्याच्या गल्लीतनंच जावं लागतं. जाळी ओलांडत, वाळत घातलेल्या मासळीच्या कडेनं, घरातल्या लोकांना "किल्ला कुठं?" विचारत. आत विहीर आहे, लहानसं देऊळ आहे, व्यायामाची जागा आहे. वांद्र्याच्या किल्ल्याला जायला हॉटेलाकडनं मोटारीचा रस्ता, वरळीच्याला कोळ्यांच्या दारातनं. दोन्ही किल्ले एकमेकांना दिसतात, मधे पूल. आम्हाला वरळीचा किल्ला जास्त आपला वाटला. आमचं मत आहे हे, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं. पोरांना तर वांद्राच आवडलं.

आता खांबाची गोष्ट. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा पूल वरळीजवळ सागरी सेतूला जोडायचा होता. त्याचे खांब नेमके वरळीच्या होड्यांच्या ये-जा करायच्या वाटेत येत होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कागदावर ६० मीटर म्हणजे भरपूर दिसतं. होडी केवढी, तर आठ-दहा मीटर. पण समुद्रात वारा असतो, लाट आडवी येते, ओढ असते, दोन होड्या एकाच वेळी येतात. वरळीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी १६० मीटर मागितलं. आधी ऐकलं नाही. मग होड्या घेऊन पाण्यात उतरले, काम अडवलं, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तडजोड झाली. मधला एक खांब आराखड्यातून काढून टाकला. रस्ता झाला, २०२४ पासून गाड्या धावतात, आणि होड्याही त्याखालून जातात.

आम्ही तिथं उभं राहून ते अंतर बघितलं. कुणीच काही बोललं नाही. मग आळंदच्या दादांनी विचारलं, "यांनी आधीच विचारलं असतं तर?" तर कामही थांबलं नसतं आणि खर्चही वाढला नसता. पण एक गोष्ट सचिवांनी नीट लक्षात आणून दिली. वरळीच्या लोकांनी "रस्ता नको" एवढंच म्हणत बसले नाहीत. त्यांनी मीटर सांगितले. किती जागा लागते, का लागते, वारा कुठला, वाट कुठली, हे आकड्यात सांगितलं. आपण बैठकीत काय म्हणालो होतो? "आमच्या बापजाद्यांपासून इथं आहोत." खरं आहे ते. पण नकाशा काढणाऱ्याला त्यातनं काय कळणार?

मुंबईतल्या किल्ल्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माहीमच्या किल्ल्यात कितीतरी वर्षं झोपड्या होत्या. अलीकडं अडीचशेच्या वर कुटुंबांना दुसरीकडं घरं देऊन किल्ला मोकळा केला. किल्ला सांभाळायला ते लागणारच होतं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला दूर घर मिळालं, म्हणजे घर मिळालं आणि कामाला जायची वाट लांबली. आपल्याला तर कुणी घरातनं हलवत नाही, फक्त काठावरनं हलवायचं म्हणतायत. पण पहाटे चारला नाव डोक्यावर घेऊन अर्धा मैल चालायचं असेल, तर ते हलवणंच झालं.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची एक गोष्ट आपल्या एका सभासदाच्या इंजिनियर मुलानं फोनवर सांगितली आणि ती सगळ्यांना फार आवडली. तिथं बंदराच्या टोकाला कॅसल क्लिंटन नावाचा गोल किल्ला आहे, दोनशे वर्षांपूर्वीचा. लढाईचं काम संपल्यावर तो नाटकघर झाला. मग १८५५ पासून पस्तीस वर्षं परदेशातून येणाऱ्यांची नोंद करायची जागा झाला. आणि १८९६ ते १९४१ त्यात काय होतं, तर माशांचं संग्रहालय! काचेच्या टाक्यांत मासे आणि बघायला रांगा. आता तो बागेत उभा आहे. अण्णा म्हणाले, "आपणही नकाशावाल्यांना सांगू, लॉन नको, माशांची टाकी करा. मासे आम्ही देतो." गाडीत हसायचा विषय झाला, पण आता वाटतं, तेही लिहून द्यावं. बागेत येणाऱ्या पोरांना या तलावात कुठले मासे आहेत, बोटुकली केवढी असते, मरळ पिल्लांना कशी सांभाळते, हे कळलं तर काय बिघडलं?

परतीच्या गाडीत भांडण झालंच. एक नाववाले म्हणाले, आपण खोटं बोलू नये. पाऊस कमी पडला की तलाव आटतो, बोटुकली सोडलेली वाया जाते, ठेक्याची रक्कम मात्र भरावीच लागते. आपली पोरं या धंद्यात येईनात. पायडलच्या बोटी झाल्या आणि त्या चालवायचं काम संस्थेला मिळालं, तर दोन पैसे बारा महिने येतील. त्यांचं चुकीचं नाही. त्यांच्या थोरल्या मुलानं मागच्या वर्षी हैदराबादची वाट धरली. वहिनी म्हणाल्या, "बोटी चालवा की, कोण नको म्हणतंय. पण मला मासळी धुवायला आणि विकायला जागा कुठं ते आधी सांगा. त्या बागेत मला चहावाला दिसला, मासळीवाली दिसली नाही." त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. लातूर येईपर्यंत सगळे झोपले, की झोपल्यासारखं केलं.

आल्यावर आम्ही आपल्या काठावर दोर घेऊन मोजणी केली. नावा आणि तराफे मिळून किती, ते ठेवायला किती लांबी लागते, जाळी वाळवायला किती, टेम्पो वळायला किती, तलाव भरलेला असताना पाणी कुठपर्यंत येतं आणि उन्हाळ्यात कुठपर्यंत जातं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं निघालं. एप्रिल-मे मध्ये पाणी इतकं मागं सरकतं, की नकाशातला कठडा पाण्यापासून लांब कोरड्यात उभा राहील आणि आपल्याला त्याला वळसा घालून जावं लागेल. मोजमाप करणारे दिवाळीत आले होते, तेव्हा तलाव काठोकाठ होता. त्यांचा दोष नाही, त्यांनी उन्हाळा बघितलेलाच नाही.

आता निवेदन तयार होतंय. मागणी अशी: उतरणीच्या जागेवर कठडा नको, तिथं नाव ओढता येईल असा दगडी उतार हवा, वेगळ्या रंगाचा एक दिवा हवा, मासळी धुवायला नळ आणि विकायला छप्पर हवं, आणि बोटी चालवायचा ठेका निघाला तर आधी संस्थेला विचारावं. निवेदन कन्नडमध्ये द्यायचं आहे. आपल्यातले बहुतेक जण मराठी शाळेचे, त्यामुळं कन्नड शाळेत शिकलेल्या दोन पोरींनी ते लिहायला घेतलंय. त्यांनी मराठीतला मसुदा वाचून दोन चुका आपल्याच दाखवल्या. आकडे जुळत नव्हते.

तर सभासदांना विनंती. पुढच्या रविवारी सकाळी दहाला संस्थेच्या कार्यालयात बैठक आहे. बाग हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही या. ज्यांच्याकडं मागच्या उन्हाळ्यातले तलावाचे फोटो मोबाईलमध्ये असतील, त्यांनी ते डिलीट करू नका, सोबत आणा. पाणी कुठपर्यंत गेलं होतं ते दिसलं पाहिजे. कारंजा, अमरजा, बेन्नेतोरा आणि भीमेकाठच्या संस्थांतल्या कुणाच्या काठावर असं काम आधी झालेलं असेल, तर तिथं उतरणीच्या जागेचं काय झालं, तेवढं आम्हाला कळवा. बायकांनी जरूर यावं. मागच्या बैठकीला एकच वहिनी होत्या, आणि मुंबईत सगळ्यात आधी वाट कुठनं आहे ते त्यांनाच दिसलं.